आबांनी हात वर केला नाही

मी शाळेत असतानाचा मे महिन्यातला एक रविवार. हजर : आबा म्हणजे माझे वडील, आई, धाकटा भाऊ आणि मी. साताऱ्याजवळच्या युद्ध संग्रहालयात उन्हाळी व्याख्यान होतं, आबा जवान म्हणून लढले त्याच लढाईवर. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा वास सुटला होता. वक्त्यांनी विचारलं, "या लढाईत कुणी होतं का?"

आईनं आबांना कोपरानं ढोसलं, "आवं, हात वर करा की! घरी तर लय सांगता."

"पलटणीतला आटपाडीचा जोडीदार लढाईवरून परत आला असता, तर दोघांनी केला असता," आबा हळूच म्हणाले. आम्ही पोरं मात्र त्यांच्यावर रुसलो.

आज इतक्या वर्षांनी त्याच संग्रहालयात तोच वास आला. वक्त्यांनी जवानांच्या घरच्यांना हात वर करायला सांगितलं. आई-आबा आता हयात नाहीत, भाऊ परगावी. माझाही हात वर झाला नाही. कोपरानं ढोसायला बाकावर शेजारी कुणीच नव्हतं.

आटपाडीला जाऊन त्या जोडीदाराच्या घरच्यांना भेटायचं अजून राहिलंय.