सलग रेघ

मामांना मामा केलं ते त्यांच्या भाच्याने. भूशास्त्र शिकून तो आमच्याच सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागला आणि पहिल्याच दिवशी दगड कापायच्या खोलीच्या दारात उभं राहून ओरडला, "मामा, चहाला येतोस का?" तोवर ज्यांना सगळे नुसतं "अहो" म्हणून हाक मारायचे, ते गृहस्थ त्या दिवसापासून अख्ख्या कचेरीचे मामा झाले. आमच्या कचेरीच्या प्रमुख मॅडमसुद्धा मामाच म्हणू लागल्या. कुणी मामा बनवलं म्हणून इतका खूश झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मामांचं काम दगडातून उजेड पाडायचं. आमचे लोक डोंगरांतून दगड आणतात. मामा करवतीने त्याची चकती कापतात, ती काचपट्टीवर पक्की चिकटवतात आणि मग पाणी नि भुकटी घालून हाताने घासत बसतात, केसापेक्षा पातळ होईपर्यंत. एवढी पातळ झाली की सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचं पोट दिसतं. त्यातले गारगोटीचे कण पिवळसर दिसत असले तर चकती अजून जाड आहे. राखाडी झाले की थांबायचं. त्यानंतर जरा हात जास्त फिरला की काचेवर काही उरत नाही. मामा सूक्ष्मदर्शकात क्वचितच डोकावायचे. बोटांना कळतं, म्हणायचे.

मी शेजारच्या खोलीत नकाशे काढते. दोन खडक जिथे एकमेकांना भिडतात, तिथे रेघ ओढायची. तो सांधा कुणी स्वतः जाऊन पाहिला असेल तर रेघ सलग, नुसता अंदाज असेल तर तुटक. हा नियम मी कुणाच्या बापाला मोडू देत नाही. नकाशा देखणा दिसावा म्हणून साहेबलोक येऊन लाडीगोडी लावतात, पण मी बधत नाही. भाचा तेवढा कधी त्या वाटेला गेला नाही. माझ्या खुर्चीमागे उभा राहून तो नदीकाठच्या तुटक रेघेवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "मावशी, एवढं उसवलेलं मी शिवून आणतो."

तो तिथे गेला आणि कड्यावरून पडला. खाली जीप लावून बसलेल्या ड्रायव्हरने त्याला वरच्या कपारीत हातोडा मारताना पाहिलं होतं. उतरताना पायाखालचा दगड सुटला. वही आणि जागा दाखवणारं यंत्र नदीत गेलं. पाठीवरच्या पिशवीत एक मुठीएवढा काळा दगड तेवढा राहिला.

काही दिवसांनी मामा कामावर आले. लोक त्यांच्यासमोर दबकत बोलायचे, पण त्याची काही गरज नव्हती. ते डबा खात होते, करवतीला तेल घालत होते, कुणी विनोद केला तर हसतही होते. "मला काही होतच नाहीये," ते एकदा मला म्हणाले. नळाला पाणी नाही हे सांगावं, तसं. त्यांची ताई, म्हणजे भाच्याची आई, त्यांच्याशी बोलायची बंद झाली होती. भांडली नाही, रडारड नाही. ह्यानेच लहानपणी पोराच्या हातात दगड दिले, एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. हेही मामांनी तसंच कोरडं सांगितलं. मला त्यांचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

मग नकाशा छापायची वेळ आली. मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्या कपारीत लाव्हाचा खडक आणि चिखलाचा भाजून निघालेला खडक शेजारी शेजारी असावेत, असा आमच्या लोकांचा जुना अंदाज. दोन्ही काळेकुट्ट, डोळ्यांना फरक कळत नाही. पिशवीतल्या दगडात दोन्ही निघाले, तर पोराने सांधा गाठला होता आणि तेवढी रेघ सलग करता येईल. नाही निघाले, तर सगळीकडे आहे तशी तिथेही तुटकच. चकती बाहेरून करून घेऊ, असं मॅडम अगदी हळू म्हणाल्या. मामा म्हणाले, नको, मीच करतो.

दगडाच्या एका बाजूवर भाच्याने स्वतःच्या अक्षरात आकडा घातला होता. त्या बाजूला करवत लावायची नाही, हे मामांनी ठरवून टाकलं. उरलेल्यातून दोनच चकत्या निघत होत्या.

पहिलीच्या वेळी मी त्यांना चहाला बोलवायला गेले. हात एका लयीत फिरत होता, नजर समोरच्या भिंतीवर होती. मी काचेकडे पाहिलं. तिच्यावर दगड नव्हताच. मामा नुसती काच घासत होते.

"गेला," मी सांगितल्यावर ते म्हणाले. "बोटांना कळलंच नाही."

इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी चिडले. घरी जा, दुसऱ्या कुणाला करू द्या, असं बरंच काही बोलले. त्यांनी हात धुतले, पुसले आणि दुसरी खुर्ची सूक्ष्मदर्शकाजवळ ओढली.

"तुम्ही बसा इथे," ते म्हणाले. "पिवळे की राखाडी, एवढंच सांगत चला. माझ्या हातांचं काही खरं नाही."

मी आयुष्यभर रेघा ओढल्या, दगडाच्या आत कधी पाहिलं नव्हतं. मामा थोडं घासायचे, काच धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे. पिवळे. परत घासायचे. अजून पिवळे. त्यांचा चेहरा होता तसाच होता. शेवटी राखाडी दिसले आणि मी त्यांचं मनगटच धरलं.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. चकतीतून एक तिरपी हद्द गेली होती. अलीकडे लाव्हाचे सुयांसारखे बारीक स्फटिक, पलीकडे चिखलाचे भाजलेले कण. "सांधा आहे," मॅडम म्हणाल्या. मामांनी मान हलवली आणि करवतीचं पातं पुसायला घेतलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

नकाशावर ती सलग रेघ जेमतेम नखाएवढी भरली. दोन्ही बाजूंना पुढे तुटकच.

दगडाचा उरलेला तुकडा न्यायला ताई आल्या. तो त्यांनी भावाच्या हातून घेतला, पिशवीत घातला आणि भिंतीवरच्या नव्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. मामांनी त्यांचं बोट धरून त्या नखाएवढ्या रेघेवर ठेवलं.

"इथं तो पोचला होता, ताई."

ताईंनी बोट रेघेच्या टोकापर्यंत नेलं आणि त्या थांबल्या. "आणि इथून पुढं अशी तुटक का?"

"पुढं कुणी गेलेलं नाही."

ताई भावाकडे वळल्या. "मग राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "आता कुणाच्या पोराला पाठवू नका तिथं."

मामा हो म्हणाले. मीही हो म्हणाले. येत्या हंगामात त्या कड्यावर खात्यात नुकतीच लागलेली मुलगी जाणार, हे सकाळीच ठरलं होतं. ती तेव्हा मामांच्या खोलीत बसून चकती घासायला शिकत होती, आणि जाताना ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.