वैदेहीचा लष्करी जनरेटर

आमच्या डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या मराठी ग्रुपमध्ये किस्से फार टिकत नाहीत. कुणी घर बदलतं, कुणी नोकरी, की जुने मागे पडतात. वैदेहीच्या जनरेटरचे मात्र वाढतच चाललेत. कुणाकडे नुसते दिवे लुकलुकले तरी एक निघतोच!

वैदेही मूळची नागपूरची, आमच्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. तिचे सासरे, आप्पा, इथे राहायला आले आणि पुढे त्यांच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन आलं. पहिल्याच आइस स्टॉर्ममध्ये वीज गेली, मशीन थांबलं. जवळचा सिलिंडर संपत आला तेव्हा आप्पांना घेऊन बर्फावरून गाडी घसरवत हॉस्पिटल गाठावं लागलं.

घरी आल्यावर तिचा नवरा शिरीष म्हणाला, “स्टोअरमधून छोटा पेट्रोलवरचा जनरेटर आणू ना, यार.”

“तो पिकनिकला ने. मला न थकणारा हवाय. डिझेलचा, लष्करातला!”

*

डॅलसबाहेर एका यार्डात सैन्याने काढून टाकलेलं सामान विकायला असायचं. मीही सोबत गेले होते. शिरीषला एक चकचकीत जनरेटर आवडला. स्वस्तही होता. तो हात मिळवणार, तेवढ्यात वैदेही उकिडवी बसली आणि बाहीने धूळ पुसून खालची पट्टी वाचली.

“चारशे हर्ट्‌झ! इथे अमेरिकेत घरातली वीज साठची असते. याच्यावर आप्पांचं मशीन लावलं तर जळून जाईल.”

विक्रेत्याने हॅट मागे सारली. “मॅडम, आर्मीत कुठे होतात?”

“आर्मीत नाही, नागपूरला होते!”

*

दुसरा जनरेटर साठ हर्ट्‌झचा होता. विक्रेत्याने बटण दाबताच झटक्यात सुरू झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. वैदेहीने बंद करायला लावला.

“इंजिन आधीच गरम होतं. मी हात लावून बघितलं होतं. गरम इंजिन कुठलंही चटकन चालू होतं. आम्ही जेवून घेतो, हे थंड होऊ दे.”

मग आम्ही गाडीत बसून थालीपीठं खाल्ली. तिने विक्रेत्यालाही एक नेऊन दिलं. इंजिन गार पडल्यावर पुन्हा बटण दाबलं. दोनदा खोकून ते चालू झालं.

“आता खरं बोलला,” वैदेही म्हणाली. तोच घेतला!

*

इलेक्ट्रिशियनकडून रीतसर जोडणी झाली. पण डिझेल इंजिन नुसतंच हलकं चालवलं तर आत काजळी धरते, म्हणून टेस्टला भरपूर लोड, म्हणजे वीज खाणारी उपकरणं, हवा होता. तिने सगळ्यांना ईमेल टाकली : “शनिवारी जेवायला या. येताना इस्त्री आणि कपडे आणा.”

गॅरेजमध्ये आम्ही सगळे रांगेने शर्ट इस्त्री करत होतो. माझी मुलगी म्हणाली, “Mom, this is so embarrassing!” आप्पा खुर्चीत बसून म्हणाले, “माझंही धोतर आणा रे!”

*

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बर्फ पडला, भर दुपारी वीज गेली. मी मुलीला घेऊन वैदेहीकडेच गेले. घरामागे जनरेटर घुमत होता, आप्पांचं मशीन चालू होतं. आप्पा खिडकीतून बघत म्हणाले, “शेजारची दोघं गारठली असतील. बोलाव त्यांना.”

शेजारचे हॉलिस तरुणपणी सैन्यात होते. फार कुणाशी बोलायचे नाहीत. ते आणि त्यांची बायको मार्था ब्लँकेटं गुंडाळून आले. हॉलिस दारातच थांबले, जनरेटरचा ओळखीचा आवाज ऐकत राहिले. मग आप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि चहा यायच्या आत गाढ झोपले.

थोड्या वेळाने समोरच्या घरातले दिवे लागले. वीज आली होती. वैदेही जनरेटर बंद करायला उठली.

मार्थाने तिचा हात धरला. “प्लीज, इतक्यात नको. असा गाढ झोपलेला त्याला कित्येक वर्षांत बघितला नाही.”

आप्पांनी सुनेकडे बघून होकाराची मान डोलावली.

वैदेहीने कोट चढवला आणि बाहेर जाऊन जनरेटरमध्ये आणखी डिझेल ओतलं.