सोळाव्या पायरीवरचा काळा

माझ्या पुतणीच्या होणाऱ्या नवऱ्याला मी एकाच दुपारी म्हातारं केलं. त्याचं वय सत्तावीस होतं. मी ते बेचाळीसपर्यंत नेलं, आणि तेही पुराव्यासकट.

त्या वर्षी मी मंठ्यातल्या घरी मोठा सपाट टीव्ही आणला आणि त्याला संगणक जोडला. गल्लीत असं जोडकाम कुणाकडेच नव्हतं. (कुणाला हवंही नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.) संगणकाच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या रंगासाठी दोन पर्याय होते, 'पूर्ण' आणि 'मर्यादित'. मी जपून राहणारा माणूस. आमच्याकडे विहिरीवरची नवी मोटारसुद्धा पहिला आठवडा अर्धा-अर्धा तासच चालवतात. नव्याकोऱ्या टीव्हीवर एकदम पूर्ण भार कशाला, म्हणून मी 'मर्यादित' निवडलं आणि शहाणपणा केल्याच्या समाधानात राहिलो.

पुढच्या रविवारी माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मुलीला घेऊन गावाकडून आला. त्याच्या मुलीला, मीराला, राजूरचं स्थळ आलं होतं. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं, आणि तो तिला मनापासून आवडला होता. दादानं त्याला अजून पाहिलं नव्हतं. घरदार, माणसं आधी नजरेखालून जावीत म्हणून मुलाकडच्यांनी त्याच्या बहिणीच्या लग्नाची सीडी पाठवली होती. ती दाखवायचा मान माझ्या टीव्हीचा.

सीडी लागली. पंगतीत एकजण जिलेबी वाढत होता.

"हा कोण?" दादानं विचारलं.

"हेच ते," मीरा म्हणाली.

"हा? ह्याचे तर केस पिकून राह्यलेत."

"बाबा, काळेभोर आहेत. मी जवळून पाहिलेत."

"किती जवळून?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मी. माझ्या शब्दावर त्यानं आजवर बियाणं बदललंय, डॉक्टर बदललाय. इथं मी 'थांब, बघतो' एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "दादा, माणसं डाय लावून फसवतात. पण मशीनला फसवता येत न्हाई. ह्या टीव्हीत आतला रंग दिसतो."

(हे वाक्य आजही आठवलं की बसल्या जागी माझी मान खाली जाते.)

दादानं तिथल्या तिथं राजूरला फोन लावला. "मुलाचं वय जरा जास्त दिसून राह्यलं. आमच्याकडून न्हाई समजा." मीरा आतल्या खोलीत गेली. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली.

दुपार कलल्यावर ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. "काका, सीडी परत लावा."

मी लावली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "मंडपामागं काय बांधलंय?"

"म्हैस."

"कोणत्या रंगाची?"

मी नीट पाहिलं. म्हैस चुलीच्या राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती.

"हिनं बी डाय लावलाय का?" मीरानं विचारलं.

मग दिसायलाच लागलं. नवरीच्या मंगळसूत्राचे मणी राखाडी. आचाऱ्याची कढई राखाडी. चित्राच्या वरखालच्या काळ्या पट्ट्यासुद्धा धुरकट. मी घाईघाईनं टीव्हीचा ब्राइटनेस उतरवला. म्हैस काळी झाली, पण अर्धं वऱ्हाड अंधारात गेलं. पंगतीत नुसते दात हलत होते. कॉन्ट्रास्ट चढवला तर नवरी तांब्याच्या घागरीसारखी चकाकली.

"जल्दी करू नको," दादा म्हणाला. "आता तर मुलगाच दिसून न्हाई राह्यला."

शेवटी मी त्या सेटिंगवर पोचलो. उजेडाच्या पायऱ्या शून्यापासून मोजतात, आणि व्हिडिओतला काळा सोळाव्या पायरीवर असतो. संगणकानं तो शून्यापर्यंत खाली आणून टीव्हीला द्यायचा असतो. मी 'मर्यादित' म्हटल्यामुळे तो सोळाव्या पायरीवरच बसून राहिला होता, आणि टीव्ही त्याला राखाडी समजत होता. मी 'पूर्ण' दाबलं. म्हैस काळी. कढई काळी. जिलेबी वाढणाऱ्या पोराच्या डोक्यावर कावळा बसल्यासारखे केस.

दादानं पडद्याजवळ जाऊन ते केस नीट पाहिले. मग म्हणाला, "उद्या राजूरला तू बोलायचं. मी नुसता सोबत येईन."

मी बोललो. मुलाच्या अंगणात, भर उन्हात, सोळा पायऱ्या हातानं दाखवून सगळं सांगितलं. मुलाच्या वडलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या टीव्हीनं आमच्या पोराला म्हातारं केलं?"

"टीव्हीनं न्हाई. मी."

"बराबर," ते म्हणाले आणि त्यांनी पोराला हाक मारली. "संतोष, नळाखाली डोकं धर."

"आबा, राहू द्या," पोरगं लाजलं.

"धर म्हन्लं ना."

त्यांनी स्वतःच्या हातानं कपड्याचा साबण दोनदा चोळला, पांढऱ्याशुभ्र टॉवेलनं डोकं खसाखसा पुसलं आणि टॉवेल दादापुढं धरला. दादानं तो दुकानात कापड बघावं तसा दोन्ही बाजूंनी पाहिला. डाग नव्हता.

"झालं समाधान?"

"बिलकुल," दादा म्हणाला. "चूक आमची."

"मंग बैठक कधी घ्यायची?"

"तुम्ही म्हणाल तवा."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मीराचं ठरलं. घामानं मी निथळत होतो. हाताला आला तो टॉवेल घेऊन तोंड पुसलं. दादानं माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला, उलगडला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

त्यावर माझी मिशी उमटली होती. सोळाव्या पायरीवरची नव्हे, थेट शून्यावरची.