माझी खरी जन्मतारीख

मंडळी, दुपारी बँकेच्या नावाने फोन आला. त्या माणसाने माझं नाव, केडगावचा पत्ता, जन्मतारीखसुद्धा वाचून दाखवली. "एक जून, बरोबर ना काका? आता ओटीपी सांगा." मी फोन कट केला. तुम्हीही तेच करा.

पण एक जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. माझा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे आजचा. हे फक्त आईला माहीत होतं. दरवर्षी गावाहून फोन करायची, "आज तुजा वाढदिस हाय, गोड खा कायतरी."

यंदा आई नाही. दिवसभरात फोन आला तो त्या भामट्याचाच.

माझी एवढी एकच माहिती कुठे फुटली नव्हती. तीही आज इथे लिहून टाकली. कुणाला तरी ठाऊक असावी म्हणून.