दूधवाल्याची कॉफी

लढाईच्या दिवसांत कर्जत स्टेशनासमोरच्या हॉटेलवाल्याच्या गोड बोलण्याचं गावभर कौतुक होतं. मला मात्र त्याचं तोंड बघवत नसे. कडावहून रोज मीच त्याला दूध घालायचो. रेल्वेच्या बाबूंना तो हसून साखरेची कॉफी द्यायचा आणि मला पायरीवर गुळाचा चहा.

एकदा मी कॉफी मागितली. तर सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "तुझ्या जिभेला कॉफी काय कळणार रं? चहा ढोस न् चालायला लाग." बाबू खो खो हसले. मी चहा त्याच्या दारातच ओतला.

दुसऱ्या दिवशी दुधाची भरली किटली घेऊन त्याच्या दारावरनं सरळ पुढे निघालो. मागून हाक आली, "शेट, या ना, कॉफी घ्या!"

मी म्हटलं, "कोरी हाय ना? तुमीच ढोसा."