कुंदाताईंचा रोममधला वाटा

माझ्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर नुसता झाकणांचा आहे. डबे कुठे गेले देवाला ठाऊक, झाकणं मात्र साठत जातात. टाकवत नाहीत, कारण कधीतरी डबा परत येईल अशी आशा असते. किस्से तसेच साठतात. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतल्या भिशीचे इतके किस्से माझ्याकडे आहेत, की भिशी बंद पडली तरी तो ड्रॉवर काही बंद होत नाही.

भिशी म्हणजे आम्ही चौघीच. मी, म्हणजे नीलिमा, जिला आपल्याला स्वयंपाक येतो असं वाटतं. तिसऱ्या मजल्यावरची शबाना, जिच्या भावाची कॅम्पात बेकरी आहे. रोहिणी, माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचं, तिथे घरी म्हशी. आणि कुंदाताई. कुंदाताई आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले, आणि रिटायर झाल्यावर आम्हाला तपासायला घेतलं.

*

सगळं सुरू झालं रोमला. आम्ही तिघी कुठल्या जातोय, कुंदाताई गेल्या होत्या. टूर कंपनीबरोबर, सोबत त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे विनायकभाऊजी. शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर दोघांनी मिळून एक तिरामिसू मागवलं. कॉफीत भिजवलेली बिस्किटं, त्यावर सायीसारखं चीज, परत बिस्किटं, परत चीज, आणि सगळ्यात वर कोको.

कुंदाताईंनी एक चमचा खाल्ला. तेवढ्यात टूरमधल्या एका आजींची पर्स सापडेना, म्हणून या शोधायला उठल्या. अख्खं हॉटेल पालथं घातलं. पर्स आजींच्या काखेत होती. परत टेबलाशी येतात तर बशी स्वच्छ.

"मला वाटलं, तुला नको असेल," भाऊजी म्हणाले.

आणि बसचा हॉर्न वाजला.

हा किस्सा आम्ही दर भिशीला ऐकायचो. शेवटचं वाक्य ठरलेलं. "लोक रोमला जाऊन फोटो आणतात. मी माझा वाटा तिथे ठेवून आले." हे वाक्य जवळ आलं की भाऊजी पेपर घेऊन गॅलरीत जायचे. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा.

*

मग कुंदाताईंना ते दुखणं निघालं. किमो सुरू झाली, तोंड आलं, चव गेली. "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं गं," म्हणायच्या. आम्ही मऊ भात नेला, मुगाचं कढण नेलं, रव्याची खीर नेली. दोन घास खाऊन वाटी बाजूला.

एकदा मी विचारलं, "ताई, काही खावंसं वाटतं का? काहीही सांगा." मला वाटलं, आमटी म्हणतील, फार तर साबुदाण्याची खिचडी.

"तो एक चमचा," त्या म्हणाल्या. "गार होतं ते. मऊ होतं. आणि कडू. कडू अजून कळतं मला."

त्या दिवशी रोमच्या किश्शाला कोणी हसलं नाही.

खाली उतरताना लिफ्टमध्येच ठरलं, तिरामिसू घरी करायचं. आधी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "कच्चं अंडं नको, दारू नको. बाकी खातील ते खाऊ द्या."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ तिघींनाही कळला.  शबाना म्हणाली, "बिस्किटांचं मी बघते." रोहिणी म्हणाली, "सायीचं मी." मी म्हटलं, "मग मी बाकीचं बघते." बाकीचं म्हणजे कॉफी. तेवढंच उरलं होतं.

*

पहिल्या वेळी मला कुणासाठी थांबायला धीर नव्हता. ते मस्कारपोने नावाचं इटालियन चीज आमच्या किराणावाल्याकडे मिळेना. "मस्का आहे की," तो म्हणाला. मी मनाशी म्हटलं, घट्ट, पांढरं, गोड, म्हणजे आपला चक्काच की. चक्क्यात साखर फेटली, थोडं क्रीम घातलं, बाजारची बिस्किटं कॉफीत बुडवली, थर लावले. वर कोको चाळला. दिसायला असं देखणं झालं की मी फोटोसुद्धा काढला.

कुंदाताई उशीला टेकून बसल्या. एक चमचा घेतला. परीक्षेचा निकाल लागावा तशी मी समोर उभी.

"नीलू," त्या म्हणाल्या, "हे श्रीखंड आहे."

"कॉफी आहे ना त्यात, ताई."

"हो ना. श्रीखंडाच्या घरी काही वाईट झालंय, असं वाटतंय."

*

शबानाचा भाऊ सलीम बेकरीत खारी, टोस्ट आणि नानकटाईत मुरलेला माणूस. शबानाने त्याला मोबाईलवर बिस्किटाचं चित्र दाखवलं. लांबट, बोटासारखं. तो म्हणाला, "एवढंच ना?" आणि संध्याकाळी पिशवीभर बोटं पाठवून दिली.

दिसायला अगदी चित्रातल्यासारखी. कॉफीत बुडवली, तशीच बाहेर आली. आणखी वेळ बुडवली, तरी तशीच. शेवटी मी कॉफीच्या पातेल्यात ती सोडून देवपूजा करून आले. कॉफी गार झाली, बिस्किटं जागची हलली नाहीत.

कुंदाताईंनी एक तुकडा जिभेवर धरला आणि सावकाश काढून बशीत ठेवला. "शबाना, माझं तोंड आलंय गं. दात अजून शाबूत आहेत. भावाला म्हणावं, तेवढे राहू दे."

शबाना जिन्यात येईपर्यंत हसली आणि जिन्यात बसून रडली. सलीमला तिने फोनवर काय सांगितलं माहीत नाही. पण त्यानंतर दर शुक्रवारी न सांगता एक खोकं यायला लागलं. दर वेळी बिस्किटं आधीपेक्षा हलकी. शेवटी शेवटी तर इतकी हलकी, की खोकं उघडताना मी श्वास धरायची.

*

रोहिणी मांजरीला जाऊन आईला म्हणाली, "पातेलंभर साय दे. तापवून त्यात लिंबू पिळायचंय."

आई म्हणाली, "चांगल्या सायीत लिंबू? येडी हाय का तू?"

"अगं, इटलीत असंच करतात."

"मग इटलीची साय आन. माजी म्हस काय इटलीची हाय व्हय?"

मग रोहिणीने कुणासाठी हवंय ते सांगितलं. आई उठून आत गेली, मोठी किटली भरून आणली आणि वर परसातली लिंबं ठेवली. "लिंबू बी घरचंच ने," म्हणाली. "बाजारचं कडू निघतं."

ती साय मी तापवली, लिंबू पिळलं, घट्ट झाल्यावर फडक्यात बांधली आणि पाणी निथळायला सिंकच्या नळाला टांगली. चक्का टांगतो तशीच. दुसरी पद्धत मला येत नाही. थंडीचे दिवस होते, म्हणून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आमच्या ह्यांना तहान लागली. झोपेत स्वयंपाकघरात आले, पुरचुंडी दिसली नाही, आणि नळ पूर्ण सोडला.

मांजरीची म्हैस, परसातलं लिंबू, रोहिणीची फेरी, सगळं मोरीतून वाहून गेलं. हे म्हणाले, "अगं, पाणी पांढरं येतंय. सेक्रेटरींना फोन करू का?"

मी हे कुंदाताईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की भाऊजी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले. हसू थांबल्यावर म्हणाल्या, "आजचं सगळ्यात छान झालं होतं, नीलू."

*

एकदा रोहिणीला वाटलं, आपण अंधारात बाण मारतोय. ती चव माहीत असलेलं आणखी एक माणूस घरात आहे की. अख्खी बशी खाल्लेलं. ती सरळ भाऊजींनाच म्हणाली, "तुम्ही चाखून सांगा ना, काय कमी आहे ते."

भाऊजी चमच्याकडे बघत राहिले.

आतून कुंदाताईंचा आवाज आला, "त्यांना काय विचारता? ते साक्षीदार नाहीत, आरोपी आहेत."

भाऊजींनी चमचा तसाच खाली ठेवला. "मला आठवत नाही काही," म्हणाले आणि गॅलरीत गेले. त्या दिवशी पेपर घ्यायला विसरले.

भाऊजींबद्दल एक सांगायचं राहिलं. तोवर त्यांनी घरात चहासुद्धा केलेला नव्हता. कुंदाताई पहिल्यांदा हॉस्पिटलात होत्या तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, "वहिनी, साखर कुठे असते?" मी म्हटलं, "भाऊजी, ओट्यावर डबा आहे, त्यावर साखर असं लिहिलंय." डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हो. आहे."

*

मी हे सगळं ज्यातून न्यायची ते माझं काचेचं चौकोनी भांडं होतं. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा कुंदाताईंचा नियम. आमच्या सगळ्यांचाच आहे, पण आम्ही कधी विसरतो. त्या विसरल्या नाहीत. बऱ्या होत्या तेव्हा भांड्यातून लाडू यायचे, मेतकूट यायचं. मग चिमूटभर साखर यायला लागली. मग कुंडीतल्या कढीपत्त्याच्या चार काड्या. एकदा तर हॉस्पिटलात मिळालेलं संत्रं आलं.

एका दिवशी भांडं आलं, त्यात केसांच्या पिना. चाप, आकडे, एक मोत्यांची क्लिप, सगळं रुमालात नीट बांधून.

मी फोन केला. "ताई, हे काय?"

"मला आता कशाला? तुझं ते शेपूट सारखं सुटतं, वर बांधत जा जरा."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि केस वर बांधले. आरशात बघायचं मात्र धाडस झालं नाही.

*

मग एकदाचं सगळं जुळून आलं. सलीमची सगळ्यात हलकी बिस्किटं, मांजरीची साय (या वेळी फडकं नळाला नाही, खिडकीच्या गजाला), आणि कॉफी मी मुद्दाम उकळून उकळून कडू केली. कोको इतका चाळला की वर झाकण लावलं असतं तर त्याला लागला असता. म्हणून झाकण घरीच ठेवलं आणि भांड्यावर ताटली घालून नेलं.

कुंदाताई तेव्हा फार बोलत नव्हत्या. भाऊजींनी त्यांना उठवून बसवलं. चमचा मी धरला.

त्यांनी डोळे मिटले. आम्ही तिघी पलंगाच्या कडेला, भाऊजी दारात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खाली भाजीवाला ओरडत होता, तो सुद्धा पुढच्या गल्लीत गेला.

"हे ते नव्हे," कुंदाताई म्हणाल्या.

शबानाने माझा हात धरला.

मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "पण ठेवून जा."

*

कुंदाताई गेल्या. भांडं तिकडेच राहिलं. नंतर भेटायला गेलो तेव्हा मला ते ओट्यावर पालथं घातलेलं दिसलं, पण मी मागितलं नाही. मागितलं तर ते आता रिकामं येणार. झाकण मी ड्रॉवरमध्ये टाकलं, बाकीच्या झाकणांत. भिशीला आम्ही तिघी एकदा जमलो, रोमचं कोणी काढलं नाही, चहा पिऊन उठलो. मग जमलोच नाही.

काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात विनायकभाऊजी. शर्ट इस्त्रीचा, बाहीला कोको. दोन्ही हातांत माझं भांडं, वर ताटली.

"वहिनी, तुमचं भांडं राहिलं होतं."

मी ताटली उचलली. बिस्किटं आडवी-तिरपी, एक तर उभं. कोकोचा मध्ये डोंगर आणि कडेला नुसतं पांढरं. आणि एका कोपऱ्यात खळगा, चमच्याएवढा.

"आत या ना, भाऊजी. बसा."

"नको, नको." ते लिफ्टकडे वळले. लिफ्ट वर येईपर्यंत दोघंही तिच्या दाराकडे बघत उभे राहिलो. आत शिरून त्यांनी जाळी ओढायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले.

"तिचा एक चमचा काढून ठेवलाय त्यातला," म्हणाले. "पण मी चाखलेलं नाही हं, वहिनी."