चार प्रश्नांची खुर्ची

आमच्या रविवारच्या वर्गातले किस्से मी मुद्दाम जमवत नाही. ते घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे आपोआप साठतात. एक काढायला जावं, तर दहा अंगावर पडतात! मी इथल्या हाटकेश भागात डबे बनवणाऱ्या युनिटमध्येच कामाला आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगतोय.

वर्ग भरतो सिल्व्हर पार्कमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. घेतात कर्णिक मॅडम. कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढून रिटायर झाल्या आणि गिरगावातून इकडे राहायला आल्या. मुलांना प्रोजेक्टसाठी माहिती कुठून घ्यायची, कुणावर विश्वास ठेवायचा, हे शिकवतात. फुकट. मी नववीत शाळा सोडलेला, तेवीस वर्षांचा. धाकटी बहीण पूनम अकरावीला आहे, तिला सोडायला गेलो होतो. मॅडमनी हजेरीत माझंही नाव लिहिलं!

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "प्रशांत, दहावीला कधी बसतोयस?"

मी म्हटलं, "आता नाही बसता येत, मॅडम. शाळा सोडून चार वर्षं झाली की बाहेरूनही देता येत नाही."

मॅडम "हं" म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

*

वर्गात एक रिकामी खुर्ची असते. माहिती जिथून आणली असेल, ते तिच्यावर ठेवायचं. पुस्तक, पेपर, मोबाइल, काहीही. आणणाऱ्याने मागे उभं राहून त्याच्या वतीने बोलायचं. बाकीच्यांनी अदबीने चार प्रश्न विचारायचे. आपण कोण? आपल्याला कसं कळलं? हे कधीचं? आणि यात आपला फायदा काय?

एकदा सेजलने खुर्चीवर तिच्या पप्पांचा मोबाइल ठेवला. खाडीवरचा वरसाव्याचा पूल उद्यापासून बंद, असा मेसेज होता. पप्पांना रोज घोडबंदरने ठाण्याला जायचं, आणि पूल बंद म्हणजे त्या रस्त्यावरही ट्रॅफिक जाम, म्हणून त्यांनी सुट्टी टाकली. दुसऱ्या दिवशी पूल व्यवस्थित चालू!

"आपण कोण?"

"फॉरवर्डेड मेनी टाइम्स," सेजल मोबाइलच्या वतीने म्हणाली.

"हे कधीचं?"

सेजलने खूप वर स्क्रोल केलं. मेसेजवर तारीखच नव्हती. शेवटी कळलं, तो कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीच्या वेळचा होता.

मॅडम म्हणाल्या, "मेसेज खोटा नव्हता गं. त्याचा 'उद्या' येऊन गेला होता!"

*

इम्रानने खाडीवरच्या प्रोजेक्टसाठी मोबाइलवरच्या एआयकडून पाच पुस्तकांची यादी आणली. लेखक, पानांचे आकडे, सगळं होतं. मॅडमनी ओळखीच्या सगळ्या लायब्रऱ्यांत फोन केले. आठवडा गेला. दोन पुस्तकं सापडली.

"इम्रान, मी जन्मभर लोकांना पुस्तकं शोधून दिली. न लिहिलेली पुस्तकं मागणारा तू पहिला!"

"लेकिन मॅडम, इतने कॉन्फिडन्स से बताया था!"

"कॉन्फिडन्स आमच्या मिस्टरांनाही होता. प्रत्येक पत्ता चुकताना."

*

मग सेजलने खाडीवरच्या दहा वेबसाइट आणल्या. दहाही ठिकाणी तेच लिहिलेलं. "दहा जण बोलतायत मॅडम, म्हणजे खरंच असणार ना?"

मॅडमनी दहा प्रिंट शेजारी शेजारी लावल्या. परिच्छेद तेच, फोटो तोच. फोटोत उडणारा बगळासुद्धा तोच.

"हे दहा साक्षीदार नाहीत. एकच माणूस दहा शर्ट बदलून आलाय!"

*

खाडीच्याच प्रोजेक्टसाठी वरसाव्याहून आमच्या वर्गातल्या भारतीचे आजोबा आले. जन्म खाडीत मासे धरण्यात गेलेला. ते मात्र स्वतःच खुर्चीत बसले.

पूनमने नियमाप्रमाणे विचारलं, "आपण कोण?"

"मी कोन? तुज्या मॅडमला इचार, तिनंच बोलावलंय!"

मग आजोबा खुलले. पूर्वी खाडीत केवढा मासा मिळायचा, ते दोन्ही हात फाकून दाखवलं. इम्रानला जरा सरकून बसावं लागलं.

"आपल्याला कसं कळलं? स्वतः पाहिलात?"

"मी न्हाय. माज्या बापानं." हात थोडे जवळ आले.

"त्यांनी मोजला होता?"

"मोजाय तो काय कापड हाय?" हात अजून जवळ आले.

"आणि यात आपला फायदा काय?"

आजोबांनी हातांमधल्या उरलेल्या जागेकडे पाहिलं. "फायदा न्हाय पोरी, लुस्कानच हाय. अजून एक इचारलंस तं मासा जाल्यातून पलेल!"

मॅडमनी त्यांना नमस्कार केला. म्हणाल्या, "हात कमी करणारा साक्षीदार फार कमी वेळा भेटतो."

*

पूनमने हे प्रश्न बाजारातही नेले. भाजीवाला म्हणाला, "ताजी है." हिने विचारलं, "आपको कैसे पता?" त्याने जुडी परत ढिगात ठेवली. "दीदी, लेना है तो लो, पोलीस मत बनो!" आता आई तिला भाजीला पाठवत नाही. मी जातो.

*

शेवटचा किस्सा माझा आहे. सांगायला अजूनही लाज वाटते, पण मॅडमचे उपकार त्याच्याशिवाय सांगून होत नाहीत.

मॅडमनी एका रविवारी परत दहावीचं काढलं. मी परत तेच सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, मॅडम."

"सगळे एका खुर्चीत मावत नाहीत. एकेक आण."

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला शेजारच्या काकूंनी सांगितलं." काकू म्हणाल्या, "अरे, आमचा नीलेश म्हणाला. तो कॉलेजात आहे ना, त्याला माहीत असणार." नीलेशला फोन लावला.

तो हसायलाच लागला. "वेडा झालास का? तूच सांगितलं होतंस! आपण गच्चीत गणपतीचं डेकोरेशन करत होतो, मी विचारलं परीक्षेचं, तर तू म्हणालास आता देता येत नाही म्हणून!"

पुढच्या रविवारी मी कुणालाच नेलं नाही. वर्ग सुरू झाल्यावर उठलो आणि स्वतः खुर्चीत बसलो.

पूनमनेच विचारलं. अदबीने. "आपण कोण?"

"प्रशांत."

"आपल्याला कसं कळलं?"

"नाही कळलं. मीच बोललो."

"हे कधीचं?"

"नववीत गणितात दुसऱ्यांदा नापास झालो, त्यानंतरचं."

चौथा प्रश्न तिच्या तोंडून निघेना. शेवटी मीच म्हणालो, "फायदा होता. मग कुणी परत विचारत नाही."

कुणी हसलं नाही. मॅडमनी पर्समधून दोन कागद काढले. बोर्डाच्या सूचनेची प्रिंट आणि बाहेरून बसणाऱ्यांचा अर्ज.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "आता यांना बसू दे."

मी उठलो. त्यांनी कागद खुर्चीवर ठेवले. मी सूचना दोनदा वाचली. मी सांगत होतो तसली चार वर्षांची अट तिच्यात कुठेच नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. विचारायची पाळी माझी होती.

मी अर्जासमोर वाकून विचारलं, "आपण कोण?"

अर्जावर पहिल्याच ओळीत छापलं होतं: 'संपूर्ण नाव'. पुढे जागा मोकळी.

इम्रानने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.